५.५६ की ७.६२? भरतीला निघालेल्या पोरांसाठी

भरतीची तयारी करणारी पोरं माझ्याकडे येतात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "काका, ५.५६ भारी की ७.६२ भारी?" मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेली असतात, कोणीतरी कलिंगडावर दोन्ही गोळ्या मारून दाखवलेल्या असतात आणि ज्या गोळीने कलिंगड जास्त फुटलं ती फौजेला दिली पाहिजे असं यांचं पक्कं झालेलं असतं. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं रिक्रूटांना हत्यार शिकवण्यात गेली, आणि माझं स्पष्ट मत आहे की फौजेने गोळी निवडताना ती किती फोडते हे सगळ्यात शेवटी बघावं. आधी बघायचं ते म्हणजे जवान ती किती उचलू शकतो, त्याच्यासमोर मैदान किती लांब आहे, आणि ती संपल्यावर तीच गोळी मागून येणार आहे की दुसरीच. यावर एकदा नीट लिहायचं मनात होतं म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

आधी कॅलिबर म्हणजे काय ते. नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. पण नुसत्या व्यासावरून ताकद कळत नाही हे आपल्या कोकणातल्या माणसाला खरं तर सांगायला नको. दापोली, मंडणगड, खाली राजापूर, कुडाळ, कितीतरी घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर आहे, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची. बाराबोर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. फौजेच्या कुठल्याही रायफलपेक्षा दुप्पट जाड. आणि तरी छऱ्याचा बार पन्नास मीटरच्या पुढे गेला की रानडुकराच्या अंगाला नीट लागतसुद्धा नाही. गोळी किती वजनाची, तिच्यामागे दारू किती, नळी किती लांब, हे सगळं मिळून ठरतं. म्हणून रायफलच्या काडतुसाला दोन आकडे असतात, पहिला व्यास आणि दुसरा पुंगळीची, म्हणजे दारू भरतात त्या नळकांड्याची, लांबी. ५.५६ बाय ४५, ७.६२ बाय ३९, ७.६२ बाय ५१ असं.

आणि इथेच पोरांचा मोठा घोळ होतो. ७.६२ म्हटलं की सगळं एकच वाटतं त्यांना. आपल्या फौजेत ७.६२ तीन आहेत. एकेची ३९ ची, नवीन सिग ७१६ ची आणि जुन्या एसएलआरची (पुढची गोळी आपोआप भरणारी आपली जुनी रायफल) ५१ ची, आणि ड्रॅगुनोव्ह स्नायपरची ५४ ची, तिला मागे कडा असतो. तिघींचं काडतूस एकमेकींच्या रायफलीत चालत नाही. पेटीवरचा पहिला आकडा बघून पेटी उचलली तर वर पोस्टवर पोचल्यावर रडायची वेळ येईल.

आता वजन, कारण माझ्या मते सगळी गोष्ट वजनात आहे. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅम. एकेचं १६-१७ ग्रॅम. ७.६२ बाय ५१ चं २४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बरोब्बर दुप्पट. एकट्या काडतुसाला हातात धरलं तर काहीच वाटत नाही. म्हणून मी पोरांना कर्द्याच्या किनाऱ्यावर दोन पिशव्या भरायला लावतो ओल्या वाळूच्या, एक २ किलो ४०० ग्रॅमची, दुसरी ४ किलो ८०० ग्रॅमची. पहिली म्हणजे ५.५६ चे २०० राउंड, दुसरी म्हणजे ७.६२ बाय ५१ चे २०० राउंड, मॅगझिन धरलेलीच नाहीत अजून. मग पिशवी छातीला बांधून किनाऱ्यावरून वर सड्यापर्यंत चढायचं, पळत. वर आल्यावर पिशव्या बदलायच्या आणि परत खाली-वर. यानंतर भारी कुठली हे कोणी विचारत नाही, कारण जवानाच्या अंगावर फक्त राउंड नसतात, रायफल आहे, पाणी आहे, बुलेटप्रूफ आहे, ग्रेनेड आहेत, रेडिओवाल्याकडे रेडिओ आहे आणि बॅटऱ्या आहेत, आणि चढ कर्द्याचा नाही तर बारा-चौदा हजार फुटांवरचा आहे जिथे नुसतं चालताना छाती भरून येते.

मग उरलेले आकडे पण सांगतो म्हणजे कोणी म्हणायला नको की काका ताकदीचं बोललेच नाहीत. ७.६२ बाय ५१ ची गोळी साडेनऊ ग्रॅमची, सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास निघते, ऊर्जा साधारण ३३०० ज्यूल. एकेची गोळी ८ ग्रॅमची, ७१५ मीटरने, दोन हजार ज्यूल. ५.५६ ची ४ ग्रॅमची, ९४० मीटरने, साडेसतराशे ज्यूल. आता गंमत बघा, ५.५६ आणि एकेत ऊर्जेचा फरक लोक समजतात तेवढा नाहीच, पण ५.५६ वेगात असल्यामुळे सरळ जाते आणि एकेची गोळी ३०० मीटरच्या पुढे झपाट्याने खाली बसायला लागते, तिथे नवशिक्याचा अंदाज हमखास चुकतो. उलट झाडी, पातळ भिंत, लाकडी दार असं काही मध्ये आलं तर जड गोळी आपली वाट कमी सोडते. आणि ५.५६ ची सगळी मदार वेगावर आहे, वेग असतो तोवर ती आत जाऊन आडवी होते, फुटते, मोठी जखम करते, पण नळी आखूड केली किंवा अंतर वाढलं की वेग उतरतो आणि मग तीच गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाते.

झटक्याचं पण तसंच. गोळीचं वजन गुणिले वेग हा हिशोब धरला तर ७.६२ बाय ५१ चा धक्का ५.५६ च्या दुपटीहून जास्त. नव्या रिक्रूटाला पहिल्या दिवशी असा झटका बसला की त्याचं शरीर शिकतं ते चुकीचं शिकतं, चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा मागे जातो, आणि ही सवय मोडायला नंतर फार त्रास होतो. पूर्वी हे मोडायला वेळ असायचा. आता अग्निवीर काही महिन्यांत तयार करायचाय. मग ज्या रायफलीवर पोराचं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागणं, लवकर जमतं ती रायफल मला जास्त कामाची वाटते, कारण न लागलेल्या ३३०० ज्यूलपेक्षा लागलेले साडेसतराशे केव्हाही बरे.

ताकदीनेच लढाई जिंकता आली असती तर १९६२ वेगळं झालं असतं. आपल्या बहुतेक जवानांच्या हातात तेव्हा थ्री-नॉट-थ्री होती, एकेक गोळीला बोल्ट मागेपुढे करायचा. गोळी जबरदस्त, अकरा ग्रॅमच्या वर वजन आणि तीन हजार ज्यूलच्या वर ऊर्जा. समोर चिन्यांकडे ७.६२ बाय ३९ च्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली होत्या, गोळीने आपल्यापेक्षा कमजोर, पण आपला जवान बोल्ट ओढतोय तोवर समोरचा दोन-तीनदा चाप दाबून मोकळा. त्यानंतर इशापूरला एसएलआर बनायला लागली आणि पुढची साधारण तीन दशकं आपली फौज ७.६२ बाय ५१ वर होती. थ्री-नॉट-थ्री मात्र पोलिसांकडे आणि एनसीसीत राहिली. २००८ ला मुंबईत सीएसटीवर एके घेऊन आलेल्यांसमोर पोलिसांच्या हातात काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. तिथेही जास्त ताकदीची गोळी पोलिसांकडेच होती, हे ध्यानात ठेवा.

आमच्या वाडीत एक आबा आहेत, ७१ ला होते, त्यांना एसएलआरबद्दल बोललेलं वाईट अजिबात खपत नाही. म्हणतात एक गोळी एक माणूस, परत बघायला लागायचं नाही. त्यांच्या पिढीचं हे बोलणं मी कधी खोडून काढत नाही, कारण त्यांनी ती रायफल खरोखर वापरलीय आणि तिने त्यांना दगा दिलेला नाही. पण त्याच एसएलआरला मॅगझिन २० राउंडचं, रायफलचं वजन रिकामी असताना चार किलोच्या वर, आणि लांबी एवढी की गाडीतून उतरताना कुठेतरी अडकणारच. पंजाबच्या सपाट मैदानात चालतं. काश्मीरमध्ये घराच्या जिन्यावर नाही चालत.

आता हे ७.६२ बाय ५१ आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धात बहुतेक सैन्यांना कळलं होतं की साध्या पायदळाची मारामारी तीन-चारशे मीटरच्या आतच होते आणि जुनी लांब पल्ल्याची काडतुसं गरजेपेक्षा फार मोठी आहेत. जर्मनांनी ७.९२ बाय ३३ चं आखूड काडतूस काढलं, रशियनांनी ७.६२ बाय ३९. ब्रिटिशांनी पण ७ मिलिमीटरची, इंचात .२८० ची, गोळी तयार केली, १९५१ ला तिच्यासाठी ईएम-२ रायफल स्वीकारलीसुद्धा. अमेरिकेला ते मान्य नव्हतं, त्यांना .३० कॅलिबर आणि जुनी ताकदच हवी होती, शेवटी चर्चिल परत पंतप्रधान झाल्यावर ईएम-२ गुंडाळली आणि १९५४ ला नाटोचं ७.६२ बाय ५१ ठरलं. त्याच्याही आधी १९३२ ला अमेरिकेत .२७६ ची हलकी गोळी जवळजवळ पक्की झाली होती, गॅरँड रायफल त्याच गोळीची बनणार होती, पण त्यांचा लष्करप्रमुख मॅकआर्थरने नाही म्हटलं कारण गोदामात जुन्या .३० च्या गोळ्यांचा ढीग पडलेला होता. आणि ज्यांनी मोठ्या गोळीचा एवढा आग्रह धरला तेच अमेरिकन व्हिएतनामच्या जंगलात गेल्यावर दहा-पंधरा वर्षांत ५.५६ वर आले, आणि १९८० ला नाटोने पण ५.५६ ला मान्यता दिली. मला हा इतिहास फार महत्त्वाचा वाटतो. गोदामातला साठा, कारखान्यातली यंत्रं, मित्रदेशाचा हट्ट, यांनी जेवढ्या वेळा कॅलिबर ठरवलंय तेवढं रेंजवरच्या चाचणीने ठरवलेलं नाही.

मग आपली इन्सास रायफल. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेचं डिझाइन, ५.५६ बाय ४५, नव्वदच्या दशकाच्या शेवटी फौजेत आली आणि लगेच कारगिल झालं. थंडीत प्लास्टिकची मॅगझिन तडकली, रायफल अडकली, अशा तक्रारी झाल्या, त्या सगळ्यांना माहीत आहेत. माझं म्हणणं एवढंच की यातली एकही तक्रार गोळीच्या व्यासाची नाही. मॅगझिनचं प्लास्टिक बदलायचा विषय होता, बनावटीचा दर्जा सुधारायचा विषय होता. पण बदनामी पसरली ती अशी की ५.५६ ने माणूस मरत नाही, फक्त जखमी होतो.

हे जखमीचं पुराण तर मला कुठेही गेलं तरी ऐकायला मिळतं, एसटीत मिळतं, लग्नात मिळतं. म्हणे ५.५६ मुद्दाम जखमी करायला बनवली, एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघं लागतात, म्हणजे तीन माणसं कमी. ऐकायला पटतं. पण ५.५६ आली ती वजन कमी व्हावं, जास्त राउंड नेता यावेत आणि ऑटोमॅटिकवर रायफल काबूत राहावी म्हणून. व्हिएतनाममध्ये तिने केलेल्या जखमा बघितलेल्या कोणी ती गोळी दयाळू आहे असं म्हटलेलं नाही. हां, काश्मीरमधला अनुभव मात्र खरा आहे, अतिरेक्याचा साथीदार त्याला उचलायला थांबत नाही आणि गोळी लागलेला माणूस मरेपर्यंत फायर करत राहतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर लगेच आडवा पाडणारं हत्यार पाहिजे ही जवानांची मागणी बरोबर आहे. म्हणून राष्ट्रीय रायफल्सच्या पोरांनी एके धरली ती सोडली नाही. एकेचं आणखी एक आहे जे बोललं जात नाही, तिची पुंगळी पुढे निमुळती असते, त्यामुळे चेंबरमधून (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेतून) सहज सुटते, थोडी माती, थोडा गंज असला तरी. मॅगझिन केळ्यासारखं वाकडं असतं तेही त्या निमुळत्या पुंगळीमुळेच. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खारी हवा आणि चार महिने ओल, लोखंडाला रात्रीत तांबूस पावडर सुटते, बाराबोरवाल्यांना विचारा. इथल्या माणसाला पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी), चिंदी आणि तेल याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही, आणि निमुळत्या पुंगळीचंही लगेच कळतं.

तर आज काय स्थिती आहे. फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेच्या सिग ७१६ रायफलींची ऑर्डर गेली, ७२,४०० नग, ७.६२ बाय ५१, पल्ला ५०० मीटरचा धरलेला, पुढे २०२४ ला आणखी ७३,००० मागवल्या. मार्च २०२० ला इस्रायलच्या १६,४७९ नेगेव एलएमजींचा (हलक्या मशीनगनचा) करार झाला, त्यापण ७.६२ बाय ५१. आणि डिसेंबर २०२१ ला रशियाबरोबर ६,०१,४२७ एके-२०३ चा करार, त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात, ७.६२ बाय ३९, पल्ला ३०० मीटर. पुण्यात डिझाइन झालेली नवी सीक्यूबी कार्बाइन, म्हणजे जवळच्या लढाईची आखूड रायफल, मात्र परत ५.५६ चीच. म्हणजे ५.५६ गेलेली नाही, दोन ७.६२ वाढल्यात, ड्रॅगुनोव्हची तिसरी आहेच.

एके-२०३ बद्दल माझी तक्रार नाही, उलट सहा लाख रायफली एका जातीच्या, देशात बनणाऱ्या, हे चांगलंच झालं. बर्फातल्या उंच पोस्टवर जिथे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर फायर करायचा तिथे सिग द्या, तेही पटतं. खटकतं ते सेक्शनच्या, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीच्या, आतलं. इन्सासच्या काळात सेक्शनमधल्या रायफलवाल्याची आणि एलएमजीवाल्याची गोळी एकच होती, एवढंच काय एलएमजीचं ३० राउंडचं मॅगझिन रायफलीला बसायचं. एलएमजी गप्प पडली तर शेजारचा आपलं मॅगझिन तिकडे फेकू शकायचा. आता एके-२०३ वाल्याच्या शेजारी नेगेववाला असेल तर दोघांच्या गोळ्या वेगळ्या, कोणी कोणाला देऊ शकत नाही, आणि क्वार्टरमास्टरला प्रत्येक पोस्टवर कुठली पेटी किती चढवायची याचा हिशोब आधीच अचूक करावा लागणार. पल्ल्यासाठी एलएमजीला मोठी गोळी हवी हा युक्तिवाद मला समजतो, मी तरी सेक्शनमध्ये एक गोळी ठेवली असती आणि मोठी गोळी प्लाटूनच्या मशीनगनला आणि निशाणबाजाला दिली असती. ज्यांना हे पटत नाही त्यांनी रात्रीच्या फायरमध्ये अंधारात हाताने चाचपून राउंड ओळखायचा प्रयत्न करून बघावा.

गोळ्या संपणं म्हणजे काय यासाठी आपल्याला लांब जायला नको. माणगावात नायक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे, पळसगावचे, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४, इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा फायर आला आणि त्यांच्याशिवाय बाकी सगळे पडले. हे एकटे धावत गेले, ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एक पाडला, आणि मग मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून हातातली गन उलटी धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. नंतर शत्रूच्या निशाणबाजांच्या गोळ्या लागून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. टॉमीगनची गोळी .४५ ची, जाडजूड, जवळून लागली तर माणूस उठत नाही, पण त्या क्षणी मॅगझिनमध्ये आणखी एक-दोन राउंड असते तर ते त्या .४५ पेक्षा मोलाचे होते. मुंबई-गोवा हायवेने जाता-येता माणगावला थांबा आणि बघा ते स्मारक, पोरांना मी मुद्दाम नेतो.

आता पोरं नवीन व्हिडिओ घेऊन येतात, अमेरिकेच्या ६.८ बाय ५१ चा. एप्रिल २०२२ ला त्यांनी ही रायफल निवडली, कारण समोरच्याच्या अंगावरचं बुलेटप्रूफ ५.५६ ने लांबून फुटत नाही असं त्यांना वाटतं. चेंबरमधलं प्रेशर ८०,००० पीएसआयपर्यंत नेलंय, त्यासाठी पुंगळीचा बुडखा पितळेऐवजी स्टीलचा केलाय. मॅगझिन परत २० चं. जवानाकडे आधी २१० राउंड असायचे तिथे आता १४०. म्हणजे ज्या वजनापायी साठ वर्षांपूर्वी मोठी गोळी सोडली तेच वजन परत अंगावर घेतलं. त्यांच्याकडे प्रत्येक रायफलीवर अंतर मोजणारी, वारा-चढ धरून निशाण दाखवणारी दुर्बीण बसवायला पैसा आहे आणि मागून हेलिकॉप्टरने राउंड पोचवायची सोय आहे, त्यांचं त्यांनी बघावं.

आपण त्यांच्या मागे लगेच धावू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे खडकी आणि वरणगावचे कारखाने ५.५६ आणि ७.६२ बनवतायत, लाईन चालू आहेत, माणसं तयार आहेत. नवीन कॅलिबर म्हणजे नवीन डाय, नवीन दारू, नवीन चाचण्या, नवीन नळ्या, आणि जुने लाखो राउंड गोदामात. त्यापेक्षा आहे त्याच गोळीचा दर्जा एकसारखा ठेवा, प्रत्येक रायफलीवर चांगली साइट द्या, आणि रिक्रूटाला रेंजवर आता मिळतात त्याच्या दुप्पट राउंड मारायला द्या. वरणगावला एक पाळी वाढवली तर यातलं शेवटचं काम पुढच्या वर्षीपासून सुरू करता येईल, त्यासाठी कुठल्या परदेशी टेंडरची वाट बघायला लागत नाही.